दूरध्वनीवरील फसवणूक : ओळख व उपाय

हेदवी हे रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. आंबा, काजू, नारळ व सुपारी ही या किनारपट्टीची मुख्य बागायती पिके होत. कोकणातील बागाइतदार आता मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक दूरध्वनीवरच गाठतात आणि आंब्याच्या पेट्यांचे पैसे थेट बँक खात्यात घेतात. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने हा व्यवहार सुलभ केला आहे. परंतु सावधगिरी न बाळगल्यास वर्षभराच्या कष्टाचा पैसा याच मार्गाने क्षणार्धात परक्याच्या हाती जातो. म्हणून फसवणुकीची लक्षणे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

फसवणुकीचे प्रकार

(१) खोटे गिऱ्हाईक : समजा, हेदवीच्या एखाद्या बागाइतदारास अनोळखी माणसाचा दूरध्वनी आला. तो भावाची घासाघीस न करता वीस पेट्या मागतो, आगाऊ रक्कम पाठवितो असे सांगतो आणि चौकोनी क्यूआर चित्र पाठवून ते स्कॅन करावयास व पिन घालावयास लावतो. पिन घालताच पैसे येत नाहीत, उलट खात्यातून जातात. पैसे देणाऱ्यानेच पिन घालावयाचा असतो. घेणाऱ्यास त्याची मुळीच गरज नसते.

(२) चुकून आलेली रक्कम : “पाचशेऐवजी पाच हजार गेले, जादा रक्कम परत करा,” अशी विनवणी होते व पैसे जमा झाल्याचा खोटा संदेशही येतो. संदेशावर विसंबू नये. खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी. रक्कम खरोखरच आली असल्यास परतफेड बँकेमार्फतच करावी.

(३) योजनेच्या नावाने येणारे संदेश : प्रधानमंत्री किसान सन्मान निधीत पात्र शेतकऱ्यास वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, थेट खात्यात मिळतात. या योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठविली जाते. ती उघडून मोबाइलमध्ये बसविल्यास त्यावर येणारे ओटीपी भामट्यास वाचता येतात. सौर पंपाच्या नोंदणीसाठी शुल्क मागणारी बनावट संकेतस्थळेही आढळली आहेत.

(४) अटकेची धमकी : पोलीस किंवा न्यायाधीश असल्याचे भासवून दृश्य संभाषणाद्वारे ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगितले जाते. कायद्यात अशी अटकच नाही.

प्रतिबंधक उपाय

या सर्व प्रकारांचे मूळ दोन गोष्टींत आहे : घाई व गुप्तता. “आत्ताच करा” आणि “कोणास सांगू नका” हे शब्द ऐकताच दूरध्वनी बंद करावा. पिन व ओटीपी कोणासही सांगू नयेत. योजनेची ई-केवायसी अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर स्वतः करावी, अथवा सामाईक सेवा केंद्रात जाऊन बोटाच्या ठशाने करावी. अनोळखी गिऱ्हाइकास पेट्या पाठविण्यापूर्वी रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री करून घ्यावी.

फसवणूक झाल्यास

क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेस कळवून खात्यातील व्यवहार थांबवावेत. तक्रार ‘सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावरही नोंदविता येते. पैसा भामट्याच्या खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी गोठविता आला, तरच तो परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांस घालून दिलेल्या नियमांत असे तत्त्व आहे की, खातेदाराच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेस कळवीपर्यंत त्याचे, व कळविल्यानंतरचे बँकेचे. यावरून विलंबाची किंमत ध्यानात यावी.

ग्रामकार्यकर्त्यांचे कर्तव्य

१९३० हा क्रमांक ग्रामपंचायत, सोसायटी व शाळेच्या फलकावर ठळक लिहावा. आंब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत हे प्रकार समजावून द्यावेत. ज्यांची मुले मुंबईस असतात अशा वृद्धांच्या घरी आवर्जून जावे. फसलेल्या माणसास हसू नये वा दोष देऊ नये. लोकलाजेस्तव तो गप्प बसला, तर पैसा परत मिळविण्याची वेळ निघून जाते आणि शेजाऱ्यासही इशारा मिळत नाही.