स्लॅबला गोदावरीची वाळू की क्रशसँड?

प्रश्न : आमचं रान काळ्या मातीचं आहे, तिथेच घर बांधतोय. नदीची वाळू परवडत नाही. मिस्त्री म्हणतात, क्रशसँड घ्या. स्लॅबला चालेल का?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : बिनधास्त वापरा, फक्त माल पारखून घ्या. आपल्याकडचा काळा पाषाण बेसॉल्टचा, कठीण. त्यापासून नीट बनवलेल्या वाळूला आयएस ३८३ हे भारतीय मानकही मान्यता देतं. फसगत होते ती वेगळीच: खडी फोडताना उरलेली डस्ट क्रशसँड म्हणून गळ्यात मारली जाते. मूठभर ओली करून चोळा. हाताला पिठासारखा चिकट लेप बसला, तर ट्रॅक्टर परत पाठवा. ही भुकटी जास्त झाली की पाणी जास्त लागतं आणि काँक्रीट कमजोर होतं. नदीची वाळूसुद्धा डोळे झाकून घेऊ नका, तिच्यात गाळ असतो.

स्लॅबला २० मिमी खडी घ्या. एम-२० दर्जाच्या काँक्रीटसाठी प्रमाण एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. पन्नास किलोच्या गोणीला पाणी ३० लिटरपेक्षा जास्त नको. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. काँक्रीट सहज पसरावं म्हणून कामगार पाइप सोडतात, तेव्हा स्वतः उभे राहा.

तुमच्या घराला खरा धोका मात्र खालून आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पक्का मुरूम लागेपर्यंत खोदा आणि जोत्यात मुरूमच भरा, थराथराने पाणी मारून, धुम्मस करून. खोदलेली माती परत आत ढकलू नका.