जुन्या मोटारीचें फिरतें घर

आपल्या बोलण्यांत ‘टेम्पो’ हा शब्द इतका रुळला आहे कीं, तें मूळचें एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचें नांव होय, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्या कारखान्याच्या सहकार्यानें १९५८ सालीं आपल्या देशांत बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली. २००५ सालीं तिचें नांव फोर्स मोटर्स असें झालें. याच कंपनीची ‘मेटाडोर’ गाडी एके काळीं महाराष्ट्रांतील बहुतेक रस्त्यांवर धांवतांना दिसे. तिचें उत्पादन थांबून बरींच वर्षें लोटलीं. तथापि एखादी जुनी मेटाडोर अद्यापि गॅरेजच्या मागें उभी असलेली आढळते. अशी गाडी घेऊन तिचें फिरतें घर करावें, आणि सुटींत मंडळीसह राजूरचा गणपति, अजिंठ्याचीं लेणीं, अथवा मंठ्यावरून लोणारचें सरोवर पाहून यावें, अशी हौस पुष्कळांस होते. हौस चांगली आहे. मात्र तिचें सार्थक होणें न होणें हें सर्वस्वीं कामाच्या क्रमावर अवलंबून आहे. त्या क्रमाचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम ही गाडी या कामास योग्य कां, तें पाहूं. मेटाडोरमध्यें एंजिनाची शक्ति पुढील चाकांस मिळते. त्यामुळें मागील चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा तळाखालीं नसतो, व तळ बराच खालीं ठेवितां येतो. सामान ठेवण्यास व मुलांना चढण्या-उतरण्यास ही मोठीच सोय आहे. पुढें या गाडींत मर्सिडीज-बेंझच्या ओएम ६१६ जातीचें, चार सिलिंडरांचें, सुमारें २.४ लिटरचें डिझेल एंजिन बसवीत असत. तें दीर्घायुषी म्हणून प्रसिद्ध आहे.

१. कागद. गाडी घेण्यापूर्वीं तिची नोंदणी पाहावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें तपासणी करवून तिचें नूतनीकरण करावें लागतें. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं. म्हणून आसनें काढून बिछाने बसविण्याचा बेत असेल, तर करवत हातीं धरण्याआधीं परिवहन कचेरींत चौकशी करावी.

२. पत्रा. जुन्या गाडीचा खरा शत्रु एंजिनांत नसून पत्र्यांत असतो, व त्याचें नांव गंज. छपराच्या कडेची पन्हळ, पुढील कांचेची रबरी चौकट, चाकांवरील कमानी आणि तळाचे कोपरे, इतक्या ठिकाणीं पाणी सांचतें. आपल्या भागांतील काळी माती तळास चिकटली म्हणजे कित्येक दिवस ओल धरून ठेविते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनें पत्रा ठोकून पाहावा. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. गंजावर लांबी भरून वर रंग देणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधणें होय. कुजका भाग धड पत्र्यापर्यंत कापून काढावा, नवा तुकडा वेल्डिंगनें जोडावा, त्यावर रेड ऑक्साइड व मग रंग द्यावा. छपरास पांढरा रंग द्यावा. वैशाखांत पारा चाळीस अंशांवर चढतो तेव्हां त्याचें मोल कळतें.

३. थांबणें आणि चालणें. गाडी चालते कीं नाहीं हें सर्व जण पाहतात. ती थांबते कीं नाहीं, हें आधीं पाहावें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. तसें तेल उताराच्या रस्त्यावर तापलें म्हणजे त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, व पाय दाबूनहि ब्रेक लागत नाहींत. म्हणून तें साधारणपणें दोन वर्षांनीं बदलावें. रबरी नळ्या व वायसर जुने असल्यास तेहि बदलावेत. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवितात. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर विश्वासार्ह नव्हे. पुढील चाकांच्या सांध्यांवरील रबरी आवरण फाटलें, तर आंत धूळ जाऊन सांधा झिजतो. रेडिएटर स्वच्छ ठेवावा, व एंजिन गरम असतां त्याचें झांकण कदापि उघडूं नये.

४. वीज आणि पाणी. येथें शाळेंतील गणित कामास येतें. १२ व्होल्टची व १०० अँपिअर-तासांची बॅटरी १,२०० वॅट-तास वीज सांठविते. साध्या शिशाच्या बॅटरींतील निम्मीच खर्चावी, म्हणजे ६०० वॅट-तास. दहा वॅटचा दिवा पांच तास व वीस वॅटचा पंखा आठ तास चालविला, तर खर्च २१० होतो. अर्थात् दोन रात्री खुशाल भागतात. बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज असावा. शंभर लिटर पाण्याचें वजन शंभर किलो भरतें. म्हणून टांकी तळाशीं व दोन्ही आंसांच्या मधें ठेवावी, आणि एकंदर भार नोंदणीपत्रांतील मर्यादेंत राहील असें पाहावें.

५. रात्र. सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. बंद गाडींत शेगडी अगर स्टोव्ह पेटवून, किंवा एंजिन चालू ठेवून कोणींहि झोंपूं नये. जळणांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं व वास नाहीं. झोंपलेला मनुष्य जागा न होतांच प्राणास मुकतो. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळें गळल्यास तळाशीं सांचतो. तेव्हां सिलिंडरच्या कप्प्यास तळाशीं बाहेर उघडणारें छिद्र हवें. स्वयंपाक बाहेर झाडाखालीं करावा, हेंच उत्तम.

इतकें झाल्यावर मग फळ्या, गाद्या व पडदे यांची पाळी येते. पुष्कळ लोक पडद्यांपासून आरंभ करितात; त्यांचा पैसा पडद्यांतच संपतो, आणि ब्रेक तसेच राहतात. ज्या गाडींत आपण मुलांना निजविणार, तिच्याविषयीं असा व्यवहार बरा नव्हे.

शेवटीं एक लहानशी सूचना. गाडींत एक वही ठेवावी. तेल केव्हां बदललें, किती किलोमीटर झाले, कोठें गळती दिसली, हें तारीख घालून लिहावें. पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर गाडीखालीं निजून एकेक सांधा पाहावा, व दिसेल तें त्याच दिवशीं वहींत टिपावें. एकदां दुरुस्त केलेली गाडी कायमची दुरुस्त राहत नाहीं. तिच्याकडे वारंवार पाहणारा डोळा असेल, तरच ती आपल्या माणसांस सुखरूप घरीं आणील.