बाळासाठी आधी काय घ्यावं?

प्रश्न : सातवा महिना लागलाय, पहिलीच वेळ आहे. बाळासाठी नेमकं काय घेऊन ठेवू?

उत्तर : आधी आईची जुनी सुती साडी मागून घ्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या कापडाची दुपटी आणि दोन-अडीच डझन लंगोट शिवा. तान्हं बाळ दिवसाला दहा-बारा सहज ओले करतं आणि पावसाळ्यात ते लवकर वाळत नाहीत. झबली पुढून उघडणारी, बंदांनी बांधायची घ्या, मान न धरणाऱ्या बाळाला डोक्यातून घालणं अवघड जातं. डिजिटल थर्मामीटर हवाच : तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर लगेच डॉक्टरांकडे न्या. राईची उशी, जाड रजई नको. बाळाला सपाट गादीवर उताणं झोपवा. वॉकर तर भेट आला तरी वापरू नका. कॅनडात २००४पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.