रोटरी व्हॉल्व्हची खरेदी : आधी माल पाहा, मग भाव

औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून विटा व ब्लॉक बनविण्याच्या धंद्यात आपले बरेच बांधव उतरले आहेत. नाशिकजवळ एकलहरे, भुसावळजवळ दीपनगर, नागपूरजवळ कोराडी व खापरखेडा, या भागांत राख जवळच मिळते. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटांत किमान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे, अशी अधिसूचना केंद्र सरकारने सप्टेंबर १९९९ मध्ये काढली आणि पुढे ही हद्द वाढविली. तेव्हापासून राखेकडे लोकांचे लक्ष गेले. धंदा हलाल आहे, मालाला मागणी आहे. पण यंत्रांपैकी एका लहानशा वस्तूची खरेदी चुकली तर नफा कसा झिजत जातो, ते आम्ही स्वतः पाहिले आहे.

ती वस्तू म्हणजे सायलोच्या तळाशी बसणारा रोटरी व्हॉल्व्ह. गोल बॉडीत सहा, आठ किंवा दहा पात्यांचा रोटर हळूहळू फिरतो. वरून राख पात्यांमधल्या खणांत पडते आणि खाली मिक्सरकडे जाते. दिसायला अगदी साधी वस्तू.

आम्ही मूळचे कापडवाले. रीड-पीक मोजल्याशिवाय थान उचलत नाही. पण भागीदारीत विटांचे काम सुरू केले तेव्हा हा व्हॉल्व्ह मात्र नुसता भाव विचारून घेतला. साधी बिडाची बॉडी, साध्या लोखंडाची पाती. पहिले दोन महिने काम ठीक चालले. चौथ्या महिन्यात मोटर बंद केली तरी राख खाली येऊ लागली. हवा भरलेली राख पाण्यासारखी वाहते, तिला बोटभर वाट लागत नाही. मिक्सरमध्ये राख जास्त पडली, सिमेंटचे प्रमाण बिघडले आणि एका आठवड्याच्या विटा हातात चुरा होऊ लागल्या. गिऱ्हाइकाकडे गेलेला माल परत आणला, पैसे परत केले. व्हॉल्व्हमध्ये वाचविलेल्या रकमेच्या कितीतरी पट नुकसान झाले. आपल्यापैकी जे व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात, त्यांचे भांडवल मोजकेच असते. बंद पडलेला प्रत्येक दिवस त्यांच्याच खिशातून जातो.

मग उस्ताद फिटरने व्हॉल्व्ह उघडून दाखविला. पात्याचे टोक आणि बॉडी यांच्यात नव्या व्हॉल्व्हमध्ये साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर फट असते. सगळा खेळ या फटीचा आहे. बारीक राख फटीत शिरून घासते, फट वाढते. बल्करवाला दाबाच्या हवेने राख सायलोत चढवितो, आणि सायलोवरच्या फिल्टरच्या पिशव्या तुंबलेल्या असतील तर ती हवा खाली व्हॉल्व्हमधून वाट काढते. राख घेऊन धावणारी हवा लोखंडाला वाळूच्या फवाऱ्यासारखी खाते. म्हणून झीज सुरुवातीला हळू आणि नंतर एकदम होते. (पिशव्यांचे कापड पाहायला आम्हांला कुणी शिकवावे लागले नाही, पण तुंबलेली पिशवी व्हॉल्व्ह खाते हे मात्र उशिरा कळले.)

राख हाताला पिठासारखी मऊ लागते, तिथेच फसगत होते. कठीणपणाच्या दहा अंकी मापात जिप्सम २ वर आहे, ते नखाने ओरखडले जाते. चुनखडी ३, साधे लोखंड ४ ते ५, आणि वाळूतला क्वार्ट्झ ७. राखेत सिलिका भरपूर असते. म्हणजे जिप्सम किंवा चुन्याच्या भुकटीला साधा व्हॉल्व्ह पुष्कळ दिवस पुरेल, राखेला पुरणार नाही. वाळू तर व्हॉल्व्हमधून नेऊच नका, तिला पट्टा बरा.

राखेसाठी बॉडीला आतून हार्ड क्रोम आणि पात्यांच्या टोकांना हार्ड फेसिंग मागा. क्रोमचा थर अगदी पातळ असतो. तो फुटला की खालचे बीड झपाट्याने जाते, म्हणून थर किती ते बिलावर लिहून घ्या. रोटर दोन्ही बाजूंनी चकत्यांनी बंद असलेला घ्या, म्हणजे राख बाजूच्या झाकणांवर घासत नाही. बेअरिंग बॉडीला चिकटून नको, मध्ये मोकळी जागा हवी. ग्लँडमधून राख सुटली तर ती खाली पडावी, बेअरिंगमध्ये जाऊ नये. सरकविता येणारी पाती चांगली असे विक्रेते सांगतात. आमचे मत वेगळे आहे. बॉडी सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे पाते पुढे घेतले की न झिजलेल्या जागी अडकते. शिवाय आतले बोल्ट ढिले होण्याची भीती वेगळीच.

लहान व्हॉल्व्ह जोरात फिरविण्यापेक्षा मोठा हळू फिरवावा. एका फेरीत १५ लिटर घेणारा व्हॉल्व्ह मिनिटाला २० फेऱ्यांनी तासाला १८ घनमीटर जागा देतो. खण पाऊणच भरतात असे धरले तर साडेतेरा घनमीटर, म्हणजे साधारण दहा-अकरा टन राख. आमच्यासारख्या कारखान्याला त्याच्या निम्मेही पुरते, तेव्हा फेऱ्या १० वर आणाव्यात.

वीज केंद्रातून थेट गरम राख घेणाऱ्यांनी हेही मोजावे : ३०० मिलिमीटरचा रोटर १०० अंशांनी तापला तर ०.३६ मिलिमीटर फुगतो, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.१८. बॉडी बाहेरून थंड असेल तर फट संपून रोटर अडकतो. तापमान आधी सांगा, त्या हिशेबाने फट ठेवून मिळते. फार गरम आणि खरखरीत माल थोडाथोडाच सोडायचा असेल तर दुहेरी झडपेचा व्हॉल्व्ह अधिक टिकतो.

जुन्या बाजारातला रंग मारलेला व्हॉल्व्ह घेताना झाकण उघडल्याशिवाय सौदा करू नका. आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करून विकणाऱ्या आपल्या कारागीर भावांनाही सांगणे आहे : बिडाच्या बॉडीवर वेल्डिंगने भरले असेल तर तसे गिऱ्हाइकाला सांगा, तिथे तडा जाऊ शकतो. हार्ड फेसिंग खरादावर साध्या टूलने कापत नाही, ते ग्राइंडिंगनेच मापात आणावे लागते. ती मजुरी आधीच धरून भाव सांगा. ऐब लपवून विकलेल्या मालाची कमाई आपल्याला चालत नाही. धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या पैगंबर साहेबांची (स.) हकिकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आम्ही आता महिन्यातून एकदा, जुम्याच्या सुट्टीत, मेन स्विच काढून चावी खिशात ठेवतो आणि मगच झाकण उघडतो. फिरते पाते बोट सोडत नाही. फिलर गेजने चार जागी फट मोजून आकडा खडूने भिंतीवर लिहितो. नवा व्हॉल्व्ह बसविला तेव्हा ०.१५ होता. अकरा महिन्यांनी सर्वात जास्त झिजलेल्या जागी ०.२० आहे.