ज्याचा त्याचा दम

खालापुरात समाजमंदिराच्या हॉलमध्ये आम्ही सकाळी गटाने व्यायाम करतो. थोडा वेळ पूर्ण ताकदीने, मग विश्रांती, पुन्हा पूर्ण ताकदीने. शहरात ज्याला ‘हिट’ म्हणतात तोच हा प्रकार. येणाऱ्यांत खोपोलीच्या कारखान्यांतले कामगार आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, साठी ओलांडलेले काका आहेत, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच स्वतःसाठी वेळ काढणाऱ्या मुली आहेत. वर्ग मी घेते, पण शिकवलं त्यांनी मला. त्यातलं थोडं इथे मांडते.

१. नवखा माणूस घामाला घाबरत नाही, सगळ्यांच्या मागे राहण्याला घाबरतो. ‘वीस उठाबशा’ म्हटलं की कुणीतरी बाराव्या उठाबशीला धापा टाकत असतं आणि बाकीचे कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभे असतात. ते बघणं फार जड जातं. म्हणून आमच्याकडे आकडा नाही, वेळ आहे. शिट्टी वाजली की सगळे एकदम सुरू, तीस सेकंदांनी पुन्हा वाजली की सगळे एकदम थांबणार. तेवढ्यात कुणाच्या सात झाल्या, कुणाच्या बावीस. कुणी विचारत नाही. मागच्या भिंतीला चिकटून उभ्या राहणाऱ्या बायका यानंतर आपणहून पुढे सरकल्या.

२. ‘जोरात’ म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या छातीला विचारावं लागतं. यूट्यूबवर चार मिनिटांचा ‘तबाता’ फार लोकप्रिय आहे. जपानी संशोधक इझुमी तबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यावरचा निबंध १९९६ मध्ये आला. २० सेकंद काम, १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. पण तो प्रयोग व्यायामाची सवय असलेल्या तरुण विद्यार्थ्यांवर, सायकलच्या यंत्रावर झाला होता आणि शेवटच्या फेरीनंतर त्यांच्यात त्राण उरू नये असाच तो आखलेला होता. तो जसाच्या तसा निवृत्त काकांच्या गळ्यात मारणं मला पटत नाही. आम्ही तीस सेकंदांच्या कामानंतर मिनिटभर विसावतो. मोजमापही साधं आहे. बोलता येतंय पण गाता येत नाही, तर व्यायाम मध्यम. तीन-चार शब्दांतच श्वास घ्यावा लागतोय, तर जोराचा. काकांना तिथे पोचायला दोनदा जिना चढणं पुरतं, कबड्डी खेळणाऱ्या पोराला बराच वेळ उड्या माराव्या लागतात. दोघांची मेहनत माझ्या लेखी सारखीच.

३. या तालुक्यात ‘मी कधीच व्यायाम केला नाही’ हे वाक्य मी आता लगेच खरं मानत नाही. एका ठाकरवाडीतून येणारी ताई पहिल्या दिवशी असंच म्हणाली होती. मग उकिडवं बसायला सांगितलं. ती टाचा जमिनीला घट्ट टेकवून बसली आणि तशीच शेजारणीशी बोलत राहिली. तिच्या शेजारी फार्महाऊसवर राहायला आलेला, अंगाला घट्ट बसणारे महागडे कपडे घातलेला तरुण होता, त्याच्या टाचा वर उचलल्या जात होत्या. तिने आयुष्यभर डोंगरातून मोळ्या आणल्या, चिखलात वाकून भात लावला. तिचे खांदे मात्र आखडलेले, हात डोक्यावर सरळ जात नव्हते. तेव्हापासून नव्या माणसाचं वजन मी नंतर विचारते. आधी विचारते, दिवसभरात काय उचलता, किती वाकता, किती उभं राहता? लावणीच्या दिवसांत अशा बायकांकडून मी एकही उठाबशी करून घेत नाही. पाठ आणि मांड्या मोकळ्या करायच्या, खांदे फिरवायचे, घरी जायचं. त्यांचा जोराचा व्यायाम शेतात होऊन गेलेला असतो.

४. उड्यांची वेळ आली की काही जणींना नेमकी तहान लागते. त्यातलीच एक बऱ्याच दिवसांनी हळूच म्हणाली, “ताई, दुसऱ्या बाळंतपणापासून उडी मारली की लघवी सुटते.” तिने बोलायचा अवकाश, आणखी दोघी-तिघी जवळ आल्या. किती बायका एवढ्याच कारणाने व्यायाम सोडत असतील आणि घरी ‘वेळ मिळत नाही’ म्हणून सांगत असतील! बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. ते योग्य व्यायामाने पुष्कळदा सुधारतात आणि त्यासाठी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना भेटण्यात लाजण्यासारखं काही नाही. हे मी आता बायकांना पहिल्याच आठवड्यात स्वच्छ सांगते. प्रत्येक उडीला आमच्याकडे जमिनीवरचा पर्याय आहे. उडीऐवजी पाय बाजूला टाकायचा. बर्पी म्हणजे जमिनीवर हात टेकून पाय मागे फेकायचे आणि उठून उडी मारायची; त्याऐवजी बाकावर हात टेकून एकेक पाय मागे न्यायचा. आणि हा पर्याय मी आधी दाखवते, उडी नंतर. आधी उडी दाखवली की दुसरा प्रकार करणाऱ्याला आपण खालच्या वर्गात बसल्यासारखं वाटतं.

५. नवख्याची जागा मधोमध. हे मला शाळेतल्या लेझीमने शिकवलं. नवीन मूल दोन तयार मुलांच्या मध्ये उभं राहायचं, पाय चुकला तरी हलगीचा ठेका त्याला पुन्हा ओढून घ्यायचा.

६. एकच व्यायाम ज्याने त्याने आपल्या दमाने करायचा, ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले आणि १९२८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. संथ घातले तर आजीला झेपतात, भरभर घातले तर पैलवानालाही धाप लागते. तेच आसन, तीच सतरंजी. गटाच्या व्यायामात मला हेच हवं असतं.

७. पहिल्या दिवशी नव्या माणसाला मी अर्ध्यावरच थांबवते. त्याला अजून करायचं असतं, तरीही. उत्साहाच्या भरात ताकदीबाहेर गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कमोडवरून उठताना कळवळतो आणि पुन्हा फिरकत नाही. क्वचित प्रकरण गंभीरही होतं. अति श्रमाने स्नायू इजा पावून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर थेट दवाखाना गाठायचा. छातीत दुखणं, चक्कर, आधीचा हृदयविकार किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर आधी डॉक्टर, मग माझी शिट्टी. एप्रिल-मेच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग आतून तापत राहतं. तेव्हा फेऱ्या कमी आणि पाणी जास्त.

८. वेळ चुकली तर बाकी सगळं फुकट. पहिल्या पाळीचा कामगार आणि पहाटेची खोपोली लोकल पकडणारा चाकरमानी सकाळी सहाला येऊच शकत नाही. त्यांच्यासाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला, तेव्हा कुठे पुरुषांची संख्या वाढली.

कर्जत-खालापूर पट्ट्यात कुणी असे वर्ग घेत असेल, त्यांना एकच विनंती. मोबाइलवर व्हिडिओ काढाल तेव्हा सगळ्यात उंच उडी मारणाऱ्या पोराचा काढू नका. बाकावर हात टेकून एकेक पाय मागे नेणाऱ्या काकूंचा काढा, त्यांना विचारून. तो बघून गावातली दुसरी काकू येईल.