वारकरी पित्याचे वतन

‘पिता’ या शब्दात ‘पा’ हा धातू आहे. त्याचा अर्थ रक्षण करणे. जो राखतो तो पिता. कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजाला प्रजेचा खरा पिता म्हटले ते याच अर्थाने. शास्त्राने माणसाच्या माथ्यावर देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. त्यातले पितृऋण संततीने फिटते असे म्हणतात. पण वारकऱ्याला एवढ्यावर थांबता येत नाही. पोर जन्माला घातले की बापाचे देणे संपले काय? बापाने जन्मभर जे राखले ते आपण राखले की नाही, हा खरा हिशेब. तो नीट मांडून पाहायचा तर राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या एका घरासारखा दुसरा दाखला आम्हांला सापडत नाही.

ते घर दादोपंत कांबळे यांचे. भक्तविजयकार महिपतींचे हे वडील. पुत्राचे नाव ठाऊक नाही असा वारकरी विरळा. पण पित्याचे नाव विचारा, दहांतले आठ जण गप्प राहतील. दादोपंत गावचे कुलकर्णी. कुलकर्ण्याचे काम म्हणजे जमिनीची टिपणे, साऱ्याचा हिशेब, दप्तराची राखण. एकीकडे रयत, दुसरीकडे अंमलदार, आणि मध्ये हा लेखणीवाला. असा मनुष्य प्रपंचात गळ्यापर्यंत बुडालेला असायचाच. पण दादोपंतांनी दप्तराइतकीच पंढरीची वारी सांभाळली. परंपरेत सांगतात की त्यांना पुष्कळ वर्षे मूल नव्हते. साठीच्या सुमारास, शके १६३७ मध्ये म्हणजे इ. स. १७१५ साली महिपती जन्मले. लोक ही गोष्ट नवसाची म्हणून सांगतात. आम्हांला तीत दुसरेच दिसते. घरात पाळणा हलला नाही म्हणून ह्या गृहस्थाने देवाशी भांडण मांडले नाही, वारीही सोडली नाही. मागणे पुरे झाले नाही तरी चालत राहिला, म्हणून तो वारकरी.

आता पुत्राकडे पाहा. महिपतींच्या हाती बापाची दोन वतने आली : एक कुलकर्णाचे, दुसरे वारीचे. दोन्ही त्यांनी चालवली. पुढे एके दिवशी ते देवपूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. पूजा सोडून उठायला हे तयार नाहीत, तो थांबायला तयार नाही. बोलाचाली झाली. महिपतींनी पूजा पुरी केली, मग कचेरीत जाऊन कामही उरकले आणि घरी येऊन लेखणी विठ्ठलापुढे ठेवली. ही लेखणी यापुढे संतांच्या चरित्राखेरीज कशाला लावणार नाही, असा नेम त्यांनी केला, असे चरित्रकार सांगतात.

इथे कोणी चतुर श्रोता विचारील, “महाराज, बापाने जन्मभर सांभाळलेली चाकरी पोराने टाकली, ही कसली पितृभक्ती?” शंका रास्त आहे. उत्तर असे. बापाच्या आयुष्यात दोन प्रकारची कामे असतात. काही तो पोटासाठी करतो. काहींसाठी तो पोट भरतो. दादोपंतांनी दप्तर सांभाळले ते घर चालावे म्हणून, आणि घर चालवले ते त्यात विठ्ठल नांदावा म्हणून. दोन्हींचा मेळ होता तोवर त्यांनी दोन्ही सांभाळली. पुत्रापुढे अशी वेळ आली की एकच राखता येणार होते. त्याने बापाचे साधन सोडले आणि बापाचे साध्य धरले. शिवाय हेही ध्यानात धरा की त्याने लेखणी मोडली नाही. कुलकर्ण्याच्या घरची लेखणी तीच. खाते तेवढे बदलले. गावच्या खातेदारांची नावे लिहिणारा हात संतांची नावे लिहू लागला.

त्या हाताने काय लिहिले? इ. स. १७५७ साली संतलीलामृत, १७६२ साली सत्तावन अध्यायांचा भक्तविजय, १७७४ साली एक्कावन अध्यायांचे भक्तलीलामृत. संतविजय पुरा व्हायचा राहिला. इ. स. १७९० साली श्रावण वद्यात महिपतींनी देह ठेवला. विसाव्या शतकात जस्टिन ॲबट या अमेरिकन पंडितांनी पंडित गोडबोले यांच्या साह्याने भक्तविजयाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि ताहराबादच्या लेखणीचे शब्द साता समुद्रांपलीकडे गेले.

आता थोडा हिशेब करू. साठीत मूल झाले ही परंपरा खरी मानली, तर १७५७ साली दादोपंतांचे वय शंभराच्या वर गेले असते. म्हणजे पुत्राचा पहिला मोठा ग्रंथ त्यांनी बहुधा पाहिलाच नाही. ज्या बापाची वारी पोराच्या ओवीत उतरली त्याला ती ओवी ऐकायला मिळाली नाही! बापपणाचे मर्म आम्हांला इथेच दिसते. आंब्याची कोय पुरणाऱ्या म्हाताऱ्याने पाडाची वाट पाहायची नसते.

आणि त्या दोन वतनांचे पुढे काय झाले? कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यात रद्द झाली. शिक्के गेले, दप्तरे गेली. वारीचे वतन मात्र कोणत्याही कायद्याने खालसा झाले नाही. आजही त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी अहिल्यानगर जिल्ह्यातूनच पंढरीला जाते, आणि तिच्या दिंड्यांत बापामागे पोर चालताना दिसते.

राहुरीकडे कीर्तनाला गेलो की एक प्रश्न आम्हांला हटकून विचारला जातो. “बाबांनी पुष्कळ वाऱ्या केल्या. आता अंथरुणाला खिळले. आषाढीला निघावे तर त्यांच्याजवळ कोण? राहावे तर वारी चुकते. काय करावं, महाराज?” विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असते, तिथे थट्टेने बोलून चालत नाही. आम्ही त्याला विटेकडे बोट दाखवतो. आपला देव विटेवर का उभा? पुंडलीक आईबापांची सेवा करीत होता. त्याने देवाला थांब म्हटले आणि देव थांबला. आपल्या क्षेत्राचा पायाच पितृसेवेचा. तेव्हा बापाच्या उशाशी बसलेल्याची वारी चुकत नाही. मात्र एक पथ्य सांगतो. पुंडलिकाने देवाला थांबवले ते सेवेसाठी. आपण आळसासाठी पुंडलिकाचे नाव पुढे करू नये. बापाच्या अंगावर पांघरूण घालणारा हात खरा, की तिकडे न जाता इकडे ओट्यावर चकाट्या पिटणारा, हे ज्याचे त्याने ओळखावे.

उरला प्रश्न स्मरणाचा. श्राद्धात पित्याला वसुरूप, आजोबाला रुद्ररूप आणि पणजोबाला आदित्यरूप मानून पिंड देतात. तीन पिढ्यांपलीकडचे नाव बहुतेकांच्या घरात मागे पडते. म्हणून तिथीच्या दिवशी पिंड, पान झाल्यावर एवढे करावे : नातवंडांना जवळ बसवून आजोबा कोणत्या गावच्या दिंडीत चालत, मुक्कामाला काय रांधत, कोणता नेम अडचणीतही मोडला नाही, ते सांगावे. मग भक्तविजयाचा एक अध्याय मोठ्याने वाचावा. वाचणाऱ्याचा कंठ आपला, लेखणी महिपतींची, आणि त्या लेखणीमागे चाललेली पावले दादोपंतांची. आपल्या वडिलांच्या पावलांचा माग त्याच वाटेवर सापडेल.

रामकृष्णहरि.