चमचा आणि चमचाभर

इंग्रजीतील 'फुल' हा प्रत्यय विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असतो. सौंदर्याने भरलेले ते 'ब्यूटिफुल', आशेने भरलेले ते 'होपफुल'. ही विशेषणे होत. परंतु हाच प्रत्यय एखाद्या पात्राच्या नावाला जोडला, म्हणजे विशेषण न होता परिमाण दाखविणारे नाम तयार होते. 'हँड' म्हणजे हात. 'हँडफुल' म्हणजे मात्र हातात मावेल तेवढा जिन्नस. मौज अशी, की 'होपफुल' या शब्दात आशा ही भरणारी वस्तू आहे, तर 'हँडफुल' या शब्दात हात हे भरले जाणारे पात्र आहे. प्रत्यय एकच, पण त्याची दिशा उलटी.

मराठी माणसाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. मूठभर, ओंजळभर, सूपभर, घागरभर हे आपले शब्द याच रीतीने झालेले आहेत. मूठभर लोक म्हटले, की थोडे लोक असा अर्थ आपण घेतो. 'हँडफुल' या शब्दालाही तोच अर्थ आहे. शिवाय आवरता आवरत नाही अशा खोडकर मुलालाही इंग्रज 'हँडफुल' म्हणतात. चिमूटभर मिठाला मात्र ते नुसते 'पिंच' म्हणतात. तेथे 'फुल' लागत नाही, कारण 'पिंच' हे पात्राचे नाव नसून चिमटीत धरण्याच्या क्रियेचे नाव आहे.

या नामांचे अनेकवचन करताना भल्याभल्यांचा गोंधळ होतो. 'स्पून' म्हणजे चमचा आणि 'स्पूनफुल' म्हणजे चमचाभर. मग दोन चमचे औषध कसे सांगावे? जुन्या पुस्तकांत 'स्पून्सफुल' असे रूप कधी कधी आढळते, परंतु आज 'स्पूनफुल्स' हेच रूढ आहे; आणि ते योग्यही आहे. 'टू स्पूनफुल्स' म्हटले म्हणजे एकच चमचा दोनदा भरला तरी चालते. 'टू स्पून्स फुल' असे शब्द तोडून म्हटले, तर डोळ्यांपुढे दोन भरलेले चमचे येतात. पहिल्यात औषध मोजले जाते, दुसऱ्यात चमचे. मराठीत 'दोन चमचे औषध' या एकाच शब्दप्रयोगात दोन्ही गोष्टी सामावतात व ऐकणारा प्रसंगावरून अर्थ लावतो.

तथापि चमचा कोणता, हे प्रसंगावरून कळत नाही. इंग्रजीत 'टीस्पूनफुल' म्हणजे ५ मिलिलिटर आणि 'टेबलस्पूनफुल' म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर. नावांत अंतर एका शब्दाचे, पण मात्रेत तिपटीचे. घाईत एकाऐवजी दुसरा चमचा घेतला, तर तापाने फणफणलेल्या लहान मुलाच्या पोटात तिप्पट औषध जाते. घरातले चमचे तर एकसारखे कधीच नसतात. म्हणूनच आता औषधाची मात्रा मिलिलिटरमध्ये लिहिणे इष्ट मानतात आणि मुलांच्या पातळ औषधाबरोबर बहुधा खुणा केलेले लहानसे माप देतात.

असाच भेद नाट्यगृहाच्या दारावरील 'हाउसफुल्ल' या पाटीत आहे. ती पाटी नाट्यगृह भरल्याचे सांगते; म्हणून इंग्रजीत ते शब्द सुटे लिहितात. 'हाउसफुल' असे जोडून लिहिले, की घरात मावतील तेवढी माणसे, असे ते परिमाण होते.

पात्राला खोली हवीच असे नाही. 'प्लेटफुल' म्हणजे ताटलीभर, 'लॅपफुल' म्हणजे मांडीवर मावेल तेवढे. 'टेबलफुल' या शब्दाने कधी मेजावरचे पदार्थ, तर कधी मेजाभोवती बसलेली माणसे मोजली जातात. मराठीचा 'भर' याहून कितीतरी मोकळा आहे. तो अंगणभर पसरतो, रानभर हिंडतो आणि दिवसभर, जन्मभर असा काळालाही व्यापतो. इंग्रजीच्या 'फुल'ला हे साधत नाही. पृष्ठभागाचे नावच परिमाण झाल्याचे उदाहरण म्हणजे 'एकर'. या शब्दाचा मूळ अर्थ नुसते शेत. संस्कृतातील 'अज्र' हा त्याचाच आप्त. पुढे बैलांच्या जोडीने दिवसभरात नांगरावी एवढी जमीन ती एकर, असे मानू लागले; आणि शेवटी ४० गुंठ्यांचे ठरावीक माप झाले.

कधी कधी पात्र नाहीसे होते आणि मापच तेवढे उरते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात १८५९ साली एडविन ड्रेक याने तेलाची विहीर खोदली. तेथील तेल लाकडी पिंपांत भरून नेत. आज तेल नळांतून आणि प्रचंड जहाजांतून जाते, तरी त्याचा भाव 'बॅरल'वरच, म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन किंवा सुमारे १५९ लिटरांच्या पिंपावर, सांगतात. भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला. चार शेरांची पायली त्यामुळे व्यवहारातून मागे पडली. 'पायलीला पन्नास' हा वाक्प्रचार मात्र राहिला. 'टन' या शब्दाचा प्रवास तर याहून लांबचा आहे. मूळचा 'टन' म्हणजे दारूचे मोठे पीप. जहाजात अशी किती पिंपे मावतील यावरून जहाजाची धारणशक्ती ठरवीत. हळूहळू पिपाचे नाव वजनाला मिळाले, आणि ज्या पोलादाचा व दगडी कोळशाचा कोणत्याही पिपाशी संबंध नाही, तेही आता टनांनीच तोलले जातात.